अनुभवाची खतावणी



आजच्या भाषणाचा आरंभ मी एका खेळापासून करणार आहें. इतिहासाच्या विषयाला खेळाचें तोंड लावणें कित्येकांस रुचणार नाहीं, याची मला जाणीव आहे. परंतु हा खेळ निव्वळ पोरखेळ नव्हे, आणि त्यांतील एका लहानशा गोष्टीनें मला गेले कित्येक दिवस विचारांत पाडलें आहे.

मेक्सिको शहरांतील एका कंपनीनें २०११ सालीं ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नांवाचा संगणकावरील खेळ लोकांपुढें आणिला. एका काल्पनिक ग्रहावर ठेंगणे, हिरव्या वर्णाचे, बटबटीत डोळ्यांचे ‘कर्बल’ नांवाचे जीव राहतात. खेळणारानें त्यांच्यासाठीं अग्निबाण बांधावयाचे, त्यांत त्यांना बसवावयाचें आणि अंतराळांत धाडावयाचें. वरवर पाहतां हा सारा प्रकार हास्यास्पद वाटतो. पण इंधन किती, वजन किती, कोणत्या क्षणीं कोणत्या दिशेनें वेग वाढविला असतां कक्षा कशी बदलेल, हें सर्व गणित न्यूटनच्या नियमांस धरून चालतें. माझा नातू या खेळांत रात्रंदिवस मग्न असतो. एके दिवशीं त्याच्या पडद्यावर मला नांवांची एक यादी दिसली. प्रत्येक नांवापुढें रंगीत फितींची रांग होती. शिपायाच्या छातीवर असतात तशाच त्या फिती. हें काय आहे म्हणून मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “आजोबा, हा यांचा हजेरीपट.”

ज्यानें आपल्या आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें हजेरीपट भरण्यांत घालविलीं, त्याचे कान हा शब्द ऐकून टवकारले तर नवल नाहीं. मीं खुर्ची ओढून घेतली. मूळ खेळांत आरंभीं असा कांहीं पट नव्हता. चंद्रावर जाऊन आलेला कर्बल आणि काल भरती झालेला कर्बल यांच्यांत कोणताच भेद नसे. हें कांहीं खेळणारांना खटकलें. त्यांच्यापैकीं एकानें ‘फायनल फ्रंटियर’ या नांवाची पुरवणी रचून मूळ खेळाला जोडली. अशा पुरवणीला हीं मुलें ‘मॉड’ म्हणतात. कोण प्रथम कक्षेंत गेला, कोण कोठें उतरला, कोण यानाबाहेर पडून तरंगला, याची नोंद ही पुरवणी ठेवते आणि त्याप्रमाणें फिती बहाल करते. पुढें डिसेंबर २०१४ मध्यें स्वतः खेळाच्या कर्त्यांनींही वैमानिक, यंत्रज्ञ आणि शास्त्रज्ञ असे तीन वर्ग पाडून अनुभवाच्या पायऱ्या ठरविल्या. त्या पायऱ्यांचे नियम मोठे मार्मिक आहेत. एकच गोष्ट पुनःपुन्हा केल्यानें अनुभव वाढत नाहीं. नवें कांहीं केलें तरच वाढतो. आणि मिळविलेला अनुभव स्वगृहीं परत आल्यावरच खात्यावर जमा होतो. (यानांतील प्रयोगशाळेंत तो जमा करण्याची एक सवलत आहे, पण ती असो.)

माझ्या नातवाची तक्रार या दुसऱ्या नियमाबद्दल होती. त्याचा एक कर्बल फार दूरच्या गोलावर सुखरूप उतरला. तेथें इंधन संपलें, आणि परत येण्याचा मार्ग उरला नाहीं. पुरवणीनें त्याला फीत दिली, पण खेळाच्या हिशेबीं तो नवखाच राहिला. “हा अन्याय नाहीं का?” असें नातवानें मला विचारलें. मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. उत्तर शोधण्यासाठीं मीं खऱ्या अंतराळवीरांच्या नोंदी चाळावयास घेतल्या, आणि त्यांत जें आढळलें तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

माणसाचा अनुभव मोजण्याची वैमानिकांची रीत तासांची. प्रत्येक वैमानिकाजवळ एक वही असते. तींत तारीख, विमान, कोठून कोठें गेला आणि किती वेळ उडाला हें लिहिलेलें असतें, आणि पानाखालीं बेरीज पुढच्या पानावर नेलेली असते. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जो वैमानिकाचा परवाना मिळाला, त्यावर १ हा क्रमांक होता, हें पुष्कळांस ठाऊक आहे. तो परवाना देणारी संस्था हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील वैमानिकांची होती, पण तिनें तो एका आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वतीनें दिला होता. १९०५ मध्यें पॅरिस येथें स्थापन झालेला हा महासंघ विमानविद्येंतील विक्रम नोंदवितो. त्याचें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, म्हणजे निदान महासंघ एवढें तरी. तो पुढें पुन्हा भेटणार आहे.

त्याच १९२९ सालीं अमेरिकेंत बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक नांवाच्या तरुणानें एक चमत्कारिक यंत्र तयार केलें. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनला हवा पुरविणारे भाते घेऊन त्यानें एक लांकडी विमान त्यांवर बसविलें. आंत बसणारानें दांडा हलविला कीं तें डुले, झुके, वळे. मात्र जमीन कधीं सोडीत नसे. वैमानिकी शिकविणारे याकडे ढुंकून पाहीनात. यंत्रें खपलीं तीं बहुतेक जत्रेंतल्यासारख्या करमणुकीच्या बागांना. पुढें १९३४ च्या आरंभीं अमेरिकन सैन्यावर हवाई टपालाचें काम पडलें. धुक्यांत आणि अंधारांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय नसल्यामुळें कांहीं आठवड्यांतच अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत तर अशीं हजारों यंत्रें वापरांत आलीं. करमणुकीचें साधन अशा रीतीनें शिक्षणाचें साधन झालें, आणि खोट्या उड्डाणाचे तासही वैमानिकाच्या वहींत एका निराळ्या रकान्यांत लिहिले जाऊं लागले. आज माझ्या नातवाच्या टेबलावर जें चाललें आहे तें याच वाटेवरून उलट दिशेनें आलेलें आहे.

आतां अंतराळाकडे वळूं. १९५९ मध्यें अमेरिकेनें आपले पहिले सात अंतराळवीर निवडले, तेव्हां कसोट्या अशा होत्या : वय ४० हून कमी, उंची ५ फूट ११ इंचांच्या आंत, पदवी किंवा तत्सम शिक्षण, १५०० तासांचें उड्डाण, आणि चांचणी-वैमानिकांच्या शाळेंतून उत्तीर्ण झाल्याचा दाखला. या शेवटल्या कसोटीकडे मी मागाहून येईन. तोंवर रशियानें बाजी मारली होती.

१२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यांनीं १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. या घटनेची आंतरराष्ट्रीय नोंद करावयाची ती त्या महासंघानें. आणि महासंघाचा नियम असा कीं वैमानिकानें आपल्या वाहनासह जमिनीवर उतरलें पाहिजे, वाटेंत उडी टाकणाराचा विक्रम मान्य नाहीं. नियम विमानांच्या काळांतला होता, आणि विमानांपुरता तो शहाणपणाचाही होता. पण गागारिन यांच्या यानाचा गोळा जमिनीवर इतक्या जोरानें आदळे कीं आंतील माणसानें त्यांत राहणें धोक्याचें होतें. म्हणून सुमारें ७ किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेंकले गेले आणि हवाई छत्रीनें निराळे उतरले. महासंघाकडे गेलेल्या कागदांत मात्र ते यानांतूनच उतरले असें लिहिलें गेलें. पत्रकारांनीं याविषयीं प्रश्न केले तेव्हां उत्तरें संदिग्ध राहिलीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें घेर्मान तितोव्ह दिवसाहून अधिक काळ अंतराळांत राहून आले, आणि आपण छत्रीनें उतरलों हें त्यांनीं सांगून टाकलें. महासंघ पेचांत पडला. शेवटीं नियमच बदलला : माणूस वर जाऊन, प्रदक्षिणा करून जिवंत परत आला एवढें पुरे, तो कसा उतरला हा प्रश्न गौण. गागारिन यांच्याविषयींची खरी हकीकत रशियन सरकारनें १९७१ मध्यें मान्य केली.

मानवजातीच्या अंतराळप्रवासाच्या पहिल्याच नोंदींत असें असत्य शिरलें. आणि तें शिरावें एवढें मोठें दुष्कृत्य कोणीं केलें होतें? कोणींच नाहीं. काम अस्सल होतें. नोंदवहीचा रकाना तेवढा जुना होता. शाळेंतल्या पटाचा मला जो अनुभव आहे त्यावरून सांगतों, बहुतेक खोट्या नोंदी अशाच होतात. रकाना चुकीचा असला कीं खरा माणूससुद्धां त्यांत मावण्यासाठीं वांकडा होऊन बसतो.

याहून वाईट म्हणजे रकाना असा आंखणें, कीं कांहीं माणसांना त्यांत शिरतांच येऊं नये. जेरी कॉब या अमेरिकन बाई बालवयापासून विमान चालवीत. १९६० च्या सुमारास डॉक्टर लव्हलेस यांनीं, पहिल्या सात अंतराळवीरांच्या ज्या शारीरिक तपासण्या केल्या होत्या त्याच कॉब यांच्यावर आणि नंतर इतर वैमानिक स्त्रियांवर केल्या. कॉब धरून तेरा जणी त्यांत उतरल्या. पण पुढें कांहीं होईना. जुलै १९६२ मध्यें अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढें या प्रश्नाची चौकशी झाली. कॉब यांच्या वहींत तेव्हां सुमारें दहा हजार तासांची नोंद होती. समितीपुढें साक्षीस आलेले जॉन ग्लेन नुकतेच पृथ्वीभोंवतीं फिरून आल्यामुळें राष्ट्राचे लाडके वीर झाले होते. त्यांचे तास याच्या निम्म्याच्या आसपास. पण कॉब यांच्याजवळ चांचणी-वैमानिकांच्या शाळेचा दाखला नव्हता, आणि तो असणें शक्यच नव्हतें, कारण त्या शाळा सैन्याच्या होत्या व तेथें स्त्रियांना प्रवेश नव्हता. गंमत अशी कीं ज्या पदवीची अट होती ती ग्लेन यांनीं निवडीच्या वेळीं पुरी केलेली नव्हती. त्यांच्यासाठीं ‘तत्सम’ हा शब्द कामाला आला. कॉब यांच्यासाठीं आला नाहीं. स्त्रिया या क्षेत्रांत नाहींत ही आपल्या समाजरचनेंतील वस्तुस्थिति आहे, अशा आशयाचें ग्लेन त्या वेळीं बोलले. ते वाईट मनाचे गृहस्थ नव्हते. समाजरचना त्यांनीं केली नव्हती, पण तिचा दाखला मात्र त्यांनीं दिला.

रशियांत त्याच वेळीं दुसरेंच गणित चाललें होतें. यानांतून बाहेर पडून छत्रीनें उतरावयाचें, हें तर ठरलेलेंच. मग उमेदवार विमान चालविणाराच हवा असें कोठें आहे? छत्रीनें उडी टाकणारा असला तरी चालेल. व्हालेंतिना तेरेश्कोव्हा या यारोस्लाव्ह येथील कापडगिरणींत काम करीत आणि हौसेखातर छत्र्यांच्या उड्या टाकीत. त्या जून १९६३ मध्यें अंतराळांत गेल्या आणि ४८ प्रदक्षिणा करून सुमारें ७१ तासांनीं परत आल्या. तोंवर अंतराळांत गेलेल्या सहाही अमेरिकनांच्या तासांची बेरीज ५४ तासांच्या आंत होती. ज्या छत्रीच्या उडीची नोंद गागारिन यांच्या कागदांत लपवावी लागली, तिच्याच बळावर तेरेश्कोव्हा निवडल्या गेल्या. इतिहास कधीं कधीं असा विनोद करतो.

जेरी कॉब यांना कधींच अंतराळांत जातां आलें नाहीं; त्या २०१९ मध्यें वारल्या. त्या तेराजणींपैकीं वॉली फंक या मात्र २० जुलै २०२१ रोजीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, एका खाजगी यानांतून कांहीं मिनिटांपुरत्या वर जाऊन आल्या. आणि आमच्या त्या हिरव्या कर्बलांचें काय? त्यांच्यांतही पहिलीं चार वर्षें एकही स्त्री नव्हती. एप्रिल २०१५ मध्यें पहिली आली, आणि तिचें नांव व्हालेंतिना ठेवण्यांत आलें.

कांहीं नोंदी अशा आहेत कीं त्यांना केवळ उशीर झाला. जो वॉकर यांनीं १९६३ च्या उन्हाळ्यांत ‘एक्स-१५’ या विमानानें दोनदां १०० किलोमीटरच्या वर मजल मारली. अमेरिकन वायुदल ५० मैलांपलीकडे जाणाऱ्या आपल्या वैमानिकांस अंतराळवीराचे पंख देई. पण वॉकर मुलकी नोकर होते, सैनिक नव्हते. म्हणून त्यांना ते मिळाले नाहींत. १९६६ मध्यें हवेंतील टकरींत त्यांचा अंत झाला. त्यांना आणि अशाच दुसऱ्या दोघां मुलकी वैमानिकांना ते पंख २००५ च्या ऑगस्टमध्यें देण्यांत आले. तिघांपैकीं घ्यावयास स्वतः हजर असे एकटे बिल डाना होते.

डोनाल्ड स्लेटन यांची हकीकत मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते, कदाचित् ती एका हजेरी घेणाराची हकीकत आहे म्हणून. पहिल्या सातांपैकीं हे एक. १९६२ मध्यें हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितपणामुळें त्यांचें उड्डाण रद्द झालें. मग त्यांच्याकडे काम आलें तें इतरांना निवडण्याचें. कोण कोणत्या यानांत बसेल, कोण चंद्रावर जाईल, याची यादी त्यांच्या हातची. अमेरिकेंत अंतराळवीर शिक्षण पुरें करतो तेव्हां त्याला चांदीची टांचणी मिळते आणि उड्डाण करून आला म्हणजे सोन्याची. स्लेटन यांच्या छातीवर चांदीच. पहिल्या अपोलो यानाचे तिघे प्रवासी, ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी, यांनीं ठरविलें कीं यांना सोन्याची टांचणी आपण द्यावयाची, पण खऱ्या उड्डाण करणाराहून ती निराळी असावी, म्हणून तींत एक हिरा बसविला. ती टांचणी ते आपल्याबरोबर अंतराळांत नेणार होते. २७ जानेवारी १९६७ रोजीं जमिनीवरच्या चांचणींत यानाला आग लागून तिघेही गेले. त्यांच्या पत्नींनीं ती टांचणी स्लेटन यांना नेऊन दिली. जुलै १९६९ मध्यें ती चंद्रावर जाऊन परत आली. स्लेटन मात्र येथेंच होते. त्यांचें स्वतःचें उड्डाण जुलै १९७५ मध्यें झालें, निवड झाल्यापासून सोळा वर्षांनीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं.

आपल्याकडेही असे तयारी करून थांबलेले लोक आहेत. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्यें अंतराळांत गेले, हें प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असतें. त्यांच्या बरोबरीनें रवीश मल्होत्रा यांनींही तेंच शिक्षण पुरें केलें होतें, आणि ऐनवेळीं गरज पडली तर जाण्यास ते सज्ज होते. गरज पडली नाहीं. त्यानंतर चार दशकांनीं, जून २०२५ मध्यें, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हां प्रशांत नायर हे त्यांच्या जागीं जाण्यास तयार होते. वर्गांत दुसरा आलेल्या मुलाचें नांव निदान फळ्यावर तरी लागतें.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे येतों. परत न येणाराचा अनुभव जमा धरावा कीं नाहीं?

कल्पना चावला या कर्नाल येथें जन्मलेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्यें त्यांचें पहिलें उड्डाण झालें आणि तें जवळजवळ १६ दिवसांचें होतें. दुसऱ्या वेळीं १६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया यानांतून त्या वर गेल्या. याही वेळीं सुमारें तितकेच दिवस त्या व त्यांचे सहा सोबती पाळ्या लावून अहोरात्र प्रयोग करीत होते. त्यांतील पुष्कळ निष्कर्ष पृथ्वीवर अगोदरच पाठविले गेले होते. १ फेब्रुवारीला सकाळीं, उतरावयास सुमारें पंधरा मिनिटें राहिलीं असतां, यान आकाशांत मोडलें. खेळाच्या नियमाप्रमाणें पाहिलें तर त्या दुसऱ्या उड्डाणाचें खात्यावर शून्य पडावयास पाहिजे. ज्या चौघांचें तें पहिलेंच उड्डाण होतें, ते तर नवखेच ठरावयाचे. पण अमेरिकेच्या अंतराळसंस्थेनें चावला यांच्या नांवापुढें जी बेरीज मांडली आहे ती दोन्ही उड्डाणांची आहे. ती ३० दिवसांहून अधिक भरते, आणि तींत ते दुसरे दिवस पुरते धरलेले आहेत.

मीं हें नातवाला सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प बसला. मग त्यानें संगणकावर एक नवें यान बांधावयास घेतलें. मोठ्या टाक्यांचें, आणि आंत एक आसन रिकामें ठेवलेलें. त्या अडकलेल्या कर्बलाला आणावयास तो निघाला होता. मीं हें भाषण लिहीत होतों तोंवर तें यान अर्ध्या वाटेवर होतें.